काखेतल्या खाजेचा इतिहास : हरताळ, वस्तरा आणि तुरटी

१/ काखेतील केस काढल्यावर दुसऱ्या दिवशी उठणारी आग, खाज आणि लाल पुरळ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? होऊ शकतो. केस काढण्याच्या वेदनेची नोंद एका रोमन तत्त्वज्ञाने केली आहे, तिच्यापुढे इस्लामी धर्मशास्त्रातील एका थोर इमामाने हात टेकले आहेत, आणि केस नाहीसे करणाऱ्या एका मलमाने विसाव्या शतकात अनेक स्त्रियांना पंगू केले आहे. हा धागा त्या त्वचेचा, आणि तिची किंमत कोणी मोजली याचा.

२/ आधी शरीर समजून घेऊ. काखेची त्वचा पातळ, घडी पडणारी आणि सदैव दमट असते. हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती स्वतःवरच घासते. तेथील केस एका दिशेने उगवत नाहीत; काही वर, काही खाली, काही आडवे. वस्तरा केस कापतो तेव्हा त्वचेचा सर्वांत वरचा थरही खरवडून नेतो. कापलेल्या केसाला तीक्ष्ण टोक येते, आणि तो कुरळा असेल तर वळून पुन्हा त्वचेतच शिरतो. शरीर त्याला परकी वस्तू समजून लढू लागते. खाज आणि पुरळ ही त्या लढाईची लक्षणे होत.

३/ तरीही माणूस हे केस काढत आला आहे, आणि त्यामागची कारणे प्रत्येक काळी निराळी होती. इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इजिप्तचे पुरोहित एक दिवसाआड सर्वांगाचे मुंडण करीत. देवाच्या सेवेत असताना अंगावर ऊ किंवा अन्य कोणताही जीव असू नये, हा त्यामागचा हेतू. येथे सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न शुचितेचा होता, आणि तो पुरुषांचा होता.

४/ आपल्याकडे पाहू. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची, म्हणजे सुखवस्तू नगरवासी पुरुषाची, दिनचर्या दिली आहे. रोज स्नान, दिवसाआड अंगमर्दन, तिसऱ्या दिवशी फेनक म्हणजे फेस येणारे द्रव्य, चौथ्या दिवशी श्मश्रू आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी अंगावरील केस काढणे, असा तो क्रम आहे. त्याच ठिकाणी झाकलेल्या काखेतील घाम सतत पुसून टाकण्याची सूचनाही येते. काख स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, हे ज्ञान इतके जुने आहे.

५/ वैद्यकाचा हेतू वेगळा होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरील उपचारांची लांबलचक यादी आहे. त्यात 'रोमशातन', म्हणजे केस काढणे, हाही एक उपचार. जखमेभोवती केस असतील तर ती नीट भरत नाही. म्हणून ते वस्तऱ्याने, कात्रीने किंवा चिमट्याने काढावेत असे सांगितले आहे. शिवाय एक लेपही दिला आहे : शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटलेले.

६/ हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. जुन्या पोथ्यांमध्ये चुकीचा मजकूर झाकण्यासाठी लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा मराठी वाक्प्रचार तेथूनच आला. (दुकाने बंद ठेवण्याचा 'हरताळ' हा वेगळा शब्द आहे.) पोथीवरील अक्षरे झाकणारे हे द्रव्य अंगावरील केसही नाहीसे करी. हरताळ चुन्याबरोबर कालवला की तीव्र अल्कधर्मी आणि गंधकयुक्त मिश्रण तयार होते. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याचे गंधकबंध हे मिश्रण तोडते आणि केस मऊ होऊन पुसला जातो.

७/ अडचण एकच. तेच प्रथिन त्वचेच्या वरच्या थरातही असते. लेप क्षणभर जास्त राहिला तर केसांबरोबर कातडीही जाते. पश्चिम आशियातील हमामांमध्ये चुना आणि हरताळ यांचाच लेप 'नूरा' या नावाने प्रचलित होता. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर बेलों याने १५५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तान्तात ओस्मानी प्रदेशातील 'रुस्मा'चे वर्णन केले, आणि युरोपला या लेपाची ओळख झाली. लेप लावणे सोपे होते, तो नेमका केव्हा धुवायचा हे कळण्यातच खरे कौशल्य होते. म्हणून हे काम अनुभवी हातांकडे असे.

८/ इस्लामी परंपरेत काखेतील केस काढणे हा 'फितरत'चा, म्हणजे माणसाच्या मूळ स्वच्छ प्रकृतीचा, भाग मानला जातो. स्त्री आणि पुरुष दोघांसाठीही. चाळीस दिवसांहून अधिक काळ ते वाढू देऊ नयेत असे हदीस सांगते. मूळ शिफारस उपटण्याची आहे. परंतु तेराव्या शतकातील भाष्यकार नववी एक सुंदर प्रसंग नोंदवतो. एक शिष्य इमाम शाफिई यांच्याकडे गेला, तेव्हा न्हावी वस्तऱ्याने त्यांची काख साफ करीत होता. शाफिई म्हणाले, उपटणे ही सुन्नत आहे हे ठाऊक आहे, पण ती वेदना सोसवत नाही.

९/ शाफिई यांचे निधन इ.स. ८२० मध्ये झाले. सुन्नी इस्लामच्या चार प्रमुख विधिपरंपरांपैकी एक त्यांच्या नावाने ओळखली जाते. असा अधिकारी पुरुष आपल्या त्वचेची मर्यादा सहज मान्य करतो, आणि पुढची परंपरा ती नोंद लपवत नाही. उलट वस्तरा आणि नूरा हेही मार्ग चालतात असे ठरवते. नियमापेक्षा शरीर लहान नाही, हा विवेक या छोट्या प्रसंगात आहे. तो विसाव्या शतकातील जाहिरातींत शोधूनही सापडत नाही.

१०/ आता रोम. तत्त्वज्ञ सेनेका काही काळ एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. ल्यूसिलिअसला लिहिलेल्या एका पत्रात त्याने तेथील गोंगाटाचे वर्णन केले आहे. त्यात केस उपटणारा धंदेवाईक येतो. गिऱ्हाईक मिळावे म्हणून हा माणूस चिरक्या आवाजात सारखा ओरडत असतो. तो गप्प बसतो तो फक्त कोणाची काख उपटताना, कारण तेव्हा त्याच्याऐवजी गिऱ्हाईक ओरडत असते! इ.स. पहिल्या शतकातील ही ओळख इतकी जिवंत आहे की आजच्या कोणत्याही वॅक्सिंगच्या दुकानाबाहेर ती पटावी.

११/ रोममध्ये हे केवळ स्त्रियांचे ओझे नव्हते. ज्यूलिअस सीझर अंगावरील केस उपटून घेई अशी टीका त्याच्यावर होई. ऑगस्टस पायांवरचे केस मऊ यावेत म्हणून तापलेल्या अक्रोडाच्या कवचांनी ते जाळतो, असा आरोप त्याच्या विरोधकाने केल्याचे सुएटोनिअस लिहितो. थोरला प्लिनी पुरुषांच्या अंगावरील केस काढण्यासाठी राळ वापरली जाते हे काहीशा संकोचाने सांगतो. न्हाव्याच्या दुकानात झालेल्या जखमेतील रक्त थांबवण्यासाठी तो कोळ्याचे जाळे सुचवतो. केस काढणे आणि त्यानंतरचा उपचार ही जोडी तेव्हापासूनची आहे.

१२/ या साऱ्या जुन्या व्यवस्थांमध्ये काही गोष्टी समान दिसतात. रोमचे स्नानगृह असो वा हमाम, केस काढण्याआधी अंग ऊन पाण्याने आणि वाफेने भिजलेले असे. भिजलेला केस मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. काम करणारा हात सरावलेला असे, आणि त्याला काख समोरून दिसत असे. हे सारे निर्धोक होते असे नव्हे. आर्सेनिक हे विषच, आणि सामायिक वस्तरा रोगही पसरवू शकतो. पण त्वचा सांभाळण्याचे ज्ञान एका धंद्याकडे साठवलेले होते.

१३/ ही साखळी हळूहळू तुटली. १७६९ साली पॅरिसचा चाकू-वस्तरे बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी हे शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे किंग कॅम्प जिलेटचा फेकून देण्याच्या पात्याचा वस्तरा आला. १९०३ या पहिल्या वर्षी केवळ ५१ वस्तरे आणि १६८ पाती विकली गेली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि विक्री हजारोंवर गेली. न्हाव्याचे काम आता आरशासमोर, एकट्याने, घाईत होऊ लागले. वस्तरा घरी आला, परंतु न्हाव्याचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर आले नाही.

१४/ काखेच्या इतिहासात १९१५ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेत 'हार्पर्स बझार' मासिकात केस काढण्याच्या पावडरीची एक जाहिरात आली. तिच्यात बिनबाह्यांच्या पोशाखातील स्त्री हात उंचावून उभी होती. त्याच वर्षी जिलेटने स्त्रियांसाठी 'मिलेडी डेकोलेते' हा वस्तरा बाजारात आणला. अभ्यासक क्रिस्टीन होप हिने १९८२ मध्ये त्या काळच्या मासिकांतील जाहिराती तपासून दाखवले की ही मोहीम आधी काखेवर होती; पायांची पाळी नंतर आली. बाह्या गेल्या, काख दिसू लागली आणि दिसणारी काख 'दुरुस्त' करणे हे स्त्रीचे कर्तव्य ठरले.

१५/ याच सुमारास दुसरी वस्तू काखेत पोचली. सिनसिनाटीच्या एका शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी हाताला घाम येऊ नये म्हणून एक द्रव तयार केला होता. त्याची मुलगी एडना मर्फी हिने तो काखेत लावून पाहिला आणि 'ओडोरोनो' या नावाने विकायला काढला. १९१२ च्या कडक उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात त्याला गिऱ्हाईक मिळाले. त्यातील घटक होता ॲल्युमिनिअम क्लोराइड, आणि तो टिकावा म्हणून द्रव आम्लधर्मी ठेवलेला. लाल रंगाचा हा द्रव कपडे खराब करी आणि त्वचेची आग करी.

१६/ १९१९ मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरात-लेखकाने ओडोरोनोसाठी नवी युक्ती काढली. तुमच्या काखेला वास येतो, लोक तुमच्यामागे कुजबुजतात, पण तोंडावर सांगत नाहीत, असा तिचा सूर होता. 'लेडीज होम जर्नल'च्या सुमारे २०० वाचकांनी चिडून वर्गणी बंद केली. ओडोरोनोची विक्री मात्र वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढून १९२० मध्ये ४,१७,००० डॉलरवर गेली. लाज हे किती विकाऊ भांडवल आहे, हे जाहिरातदारांना यातून कळले.

१७/ आता दोन्ही धागे जोडून पाहा. एका बाजूला वस्तरा काखेचा वरचा थर खरवडतो. दुसऱ्या बाजूला त्याच काखेवर आम्लधर्मी द्रव लावला जातो. उघड्या झालेल्या त्वचेवर आम्ल पडले तर आग होणारच. कंपनीलाही हे ठाऊक होते. द्रव लावण्याआधी वस्तरा फिरवू नये आणि रात्री झोपताना लावून तो वाळू द्यावा, असे ती ग्राहकांना सांगे. केस काढण्याचा आणि घाम रोखण्याचा आग्रह मात्र एकाच मासिकाची पाने एकाच स्त्रीला करीत होती.

१८/ वस्तऱ्याच्या खाजेला कंटाळलेल्या माणसाला 'कायमचा उपाय' नेहमीच खुणावतो. १८९६ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होते न होते तोच, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड याने त्यांनी केस गळतात हे एका लहान मुलीवरील उपचारात दाखवले. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाच्या यंत्रांची दालने निघाली. वेदना नाही, वस्तरा नाही, पुरळ नाही! केस खरोखर गेले. काही वर्षांनी अनेकींच्या त्वचेवर सुरकुत्या, व्रण आणि कर्करोग उमटले.

१९/ त्याहून भीषण होते 'कोरेम्लू' हे मलम. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कहून विकल्या जाणाऱ्या या मलमात थॅलिअम ॲसिटेट होते. थॅलिअमने केस गळतात हे वैद्यांना आधीच माहीत होते. त्याचे क्षार उंदरांच्या विषातही वापरत. मलम नको असलेल्या केसांवर लावले जाई. विष त्वचेतून रक्तात जाई. मग डोक्यावरचे केस गळत, पायांत असह्य कळा येत, चालणे बंद होई, दृष्टी अधू होई. १९३२ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. तिच्यावरील नुकसानभरपाईचे दावे २५ लाख डॉलरहून अधिक होते. पीडितांना देण्यासाठी मालमत्ता मात्र जवळपास नव्हतीच.

२०/ सरकारने काय केले? काही करू शकले नाही. अमेरिकेचा १९०६ चा अन्न व औषध कायदा सौंदर्यप्रसाधनांना लागूच नव्हता. विष औषध म्हणून विकले तर गुन्हा, मलम म्हणून विकले तर नाही! १९३३ मध्ये अन्न व औषध विभागाने अशा वस्तूंचे एक प्रदर्शन मांडले; वृत्तपत्रांनी त्याला 'भयदालन' म्हटले. कोरेम्लू त्यात होते. १९३७ मध्ये एका विषारी औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले तेव्हा कुठे संसद हलली, आणि २५ जून १९३८ रोजी नव्या कायद्यावर रूझवेल्टची सही झाली. प्रसाधने प्रथमच कायद्याच्या कक्षेत आली.

२१/ रसायनशास्त्रही सुधारत होते, पण चुका करीत. १९४१ मध्ये जूल्स मोंतेनिए याने ॲल्युमिनिअम क्लोराइडची आम्लता आणि त्यामुळे होणारी आग कमी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९५० च्या दशकात झिर्कोनिअमचे काही क्षार वापरलेल्या कांड्या आल्या आणि काखेत महिनोन्महिने न जाणाऱ्या गाठी उठू लागल्या. १९५८ मध्ये वॉल्टर शेली आणि हॅरी हर्ली यांनी दाखवले की या गाठी म्हणजे झिर्कोनिअमविरुद्धची ॲलर्जिक प्रतिक्रिया होत.

२२/ वस्तऱ्याच्या पुरळाचे खरे कारणही याच दशकात नीट मांडले गेले. १९५६ मध्ये जॉन स्ट्रॉस आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी दाढीच्या पुरळाचा अभ्यास केला. हा रोग मुळात जंतूंचा नाही. वळून त्वचेत शिरलेल्या केसाचा आहे. म्हणजे हा दोष अस्वच्छतेचा नव्हे. कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय पुरुषांना तो अधिक होतो, आणि रोज गुळगुळीत दाढीची सक्ती करणाऱ्या अमेरिकी सैन्यात त्यांनी त्यासाठी शिक्षाही भोगल्या. १९९३ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने खाजगी कंपनीतील दाढीबंदीचा नियम कृष्णवर्णीयांवर अन्याय करणारा ठरवला. काखेत घडते तेही बव्हंशी हेच.

२३/ महाराष्ट्रातील नाभिकाच्या धोकटीत या कथेचा एक ओळखीचा तुकडा आहे : तुरटी. दाढी झाल्यावर ओल्या गालावरून फिरणारा तो पारदर्शक खडा म्हणजे पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअम यांचा क्षार. तो प्रथिने गोठवून बारीक रक्तस्राव थांबवतो आणि त्वचा आवळतो. ओडोरोनोमधील कामाचा धातूही ॲल्युमिनिअमच! फरक प्रमाणाचा आणि पद्धतीचा. खडा क्षणभर फिरतो आणि लगेच पाण्याने पुसला जातो. काखेत तुरटी चोळून तशीच ठेवली तर तीही त्वचा कोरडी करून खाज आणते.

२४/ त्याच नाभिकाचा क्रम आठवून पाहा. आधी भरपूर पाणी, मग बराच वेळ फेस, मग पट्ट्यावर धार लावलेला वस्तरा आणि शेवटी थंड पाणी. आजचे त्वचारोगतज्ज्ञ जे सांगतात ते यापासून फार दूर नाही. काख कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावी. साबणाऐवजी जेल किंवा क्रीम वापरावे. पाते नवे, हलक्या हाताचे आणि फक्त स्वतःचे असावे. केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने ते फिरवावे. काखेत ती दिशा जागोजाग बदलते. त्वचा ताणू नये, एकाच जागी वारंवार फिरवू नये.

२५/ नंतर थंड पाणी, टिपून कोरडे करणे आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर. केस रात्री काढावेत. डिओडरंट दुसऱ्या दिवशी. १९१२ च्या बाटलीने जे शिकवले ते आजही खरे आहे. सुती, सैल कपडा. पुरळ उठले असेल तर ते बरे होईपर्यंत वस्तरा बाजूला. गाठ मोठी, दुखरी, पू असलेली किंवा पुन्हा पुन्हा येणारी असेल, म्हणजे ज्याला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात तसे काही असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. आणि सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे केस न काढणे. तोही तितकाच सभ्य आहे.

२६/ काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी ही कथा. पाणी, धार, धीर आणि दिशा ही उत्तरे न्हाव्याला शेकडो वर्षे माहीत होती. तरी आर्सेनिक, क्ष-किरण आणि थॅलिअम यांचा वळसा घ्यावा लागला. तो घ्यायला लावला लाजेने, आणि त्याची किंमत मोजली ती प्रामुख्याने स्त्रियांनी. शाफिईंना ही वेदना सोसवत नाही असे म्हणता आले. कोरेम्लू विकत घेणारीला ते म्हणण्याची मुभा कोणी दिली नव्हती. खाज सुटणारी त्वचा नाजूक किंवा सदोष नसते. ती आपल्यावर झालेल्या इजेची तक्रार करीत असते.

२७/ जाता जाता वाचकांसाठी एक काम. आपल्या गावातील जुन्या नाभिकाच्या धोकटीत कोणती अवजारे होती, त्यांना काय म्हणत, आणि दाढीनंतर तुरटीखेरीज आणखी काय लावत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून या धाग्याखाली अवश्य लिहा. या धंद्याचा इतिहास ग्रंथांत फार थोडा आहे. तो माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.